मान आणि अनुमान

दिवाळी अंक घरात आला की सर्वांत आधी त्यातले कोणते पान उघडले जाते, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. संपादकांना वाटते कथा, कवींना वाटते कविता, आणि आम्हां सदरवाल्यांना वाटते, अर्थातच सदर. खरे पान एकच. वार्षिक राशिभविष्याचे! माझ्या घरी तर अंकाचे वेष्टन फाडण्यापूर्वीच 'आधी कन्या रास बघा हो' अशी आज्ञा स्वयंपाकघरातून सुटते.

मला त्या भविष्यकारांचा मनापासून हेवा वाटतो. 'प्रकृतीच्या किरकोळ तक्रारी उद्भवतील, परंतु वर्षाच्या उत्तरार्धात फरक पडेल.' काय वाक्य आहे! फरक कोणाला, किती आणि कोणत्या दिशेने, याविषयी चकार शब्द नाही. वर्ष सरल्यावर ज्याचे दुखणे कमी झाले तो म्हणतो, 'पडला हो फरक!' आणि ज्याचे वाढले त्यालाही फरक पडलेलाच असतो.

या 'फरक पडेल'ची मी आजवर थट्टाच करीत आलो. परंतु गेल्या वर्षी आमच्या आक्काच्या मानेने मला भविष्यकथनाच्या धंद्यात ओढले, आणि त्यात मी जे करून बसलो ते कोणताही अनुभवी ज्योतिषी करणार नाही. ती हकीकत सांगावी की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आक्काच म्हणाली, "लिही की. निदान छापताना तरी नीट लिहिशील."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कराडला असते. वय ६२. लग्न होऊन सासरी गेली ती शिलाईचे यंत्र घेऊनच, आणि तेव्हापासून चाळीस वर्षे ते यंत्र तिने थांबू दिले नाही. दाजी एस. टी.त कंडक्टर होते. त्यांच्या पगाराला आक्काच्या झंपर-परकरांनी चाळीस वर्षे अस्तर लावले, असे म्हटले तरी चालेल. 'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार मी वर्गात इतकी वर्षे शिकवीत आलो. त्याचा वाच्यार्थ मला पुढे एम.आर.आय.च्या काळ्या पांढऱ्या फिल्मवर दिसला.

मराठी भाषेने मानेचे कौतुक थोडे केलेले नाही. मान तुकवावी, मान डोलवावी, मान ताठ ठेवावी, कोणाच्या मानगुटीवर बसावे. शिवाय 'ती मान' आणि 'तो मान' यांत लिंगाखेरीज अंतर नाही. एक खाली गेली की दुसराही जातो. आक्काची मान दहा वर्षे दुखत होती. तेल झाले, शेक झाला, गळ्यात पट्टा झाला, कोणी सांगितले म्हणून उशी काढून झोपणे झाले, दुसऱ्या कोणी सांगितले म्हणून दोन उश्या घेऊन झोपणे झाले. फरक पडे आणि पुन्हा पडे. आम्हीही 'आक्काची मान' ही एक घरातली वस्तूच समजून चाललो होतो. भिंतीवरच्या घड्याळासारखी; मधूनमधून तिची चौकशी करावयाची.

गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो, तेव्हा दारात रांगोळी नव्हती. म्हणजे होती, पण ती छापाची होती. एकवीस ठिपक्यांची रांगोळी हातोहात काढणारी आक्का छापाची चाळणी आणून बसली होती. विचारले तर म्हणाली, "चिमटीतून सुटत नाही रे नीट. ओळ तुटते." मग एकेक बाहेर पडू लागले. झंपराचे हूक लावायला सून लागते. सुईत दोरा जात नाही. डोळ्यांमुळे नव्हे, बोटांमुळे. एकदा देवळातून येताना पायातली चप्पल वाटेत गळाली आणि घरी येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. हे शेवटचे सांगताना ती स्वतः हसली, दाजी हसले आणि मीही हसलो. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याने पुण्याच्या एका इस्पितळात मणक्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी आक्काचा हात आपल्या हातात सैल धरला आणि तिच्या मधल्या बोटाच्या नखाला हळूच टिचकी मारली. टिचकी मधल्या बोटाला, पण आखडला अंगठा! आक्काला ती गंमत वाटली. तिने पुन्हा मारायला सांगितली. पुन्हा अंगठा हलला. डॉक्टरांनी नुसते 'हं' केले आणि एम.आर.आय. लिहून दिला.

मानेत मणके सात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त लांबीला जास्त. पहिल्या दोन मणक्यांमधली जागा सोडली तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एकेक गादी असते. मणक्यांच्या मागच्या बोळातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो आणि वाटेत डाव्या-उजव्या बाजूंना मज्जातंतूंच्या आठ जोड्या देऊन जातो. आक्काच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या झिजून मागे सरकल्या होत्या, हाडाच्या कडा वाढल्या होत्या, आणि त्या बोळात मज्जारज्जू दाराच्या फटीत बोट सापडावे तसा सापडला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावे लागेल. नाहीतर हात जातील, मागोमाग चालणे जाईल, आणि गेलेले सगळे परत येईलच असे नाही.

आक्काने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "पण मान दुखायची राहील का?"

आमच्याकडे दुखणे 'राहते' म्हणजे थांबते. डोके राहिले, पोट राहिले. डॉक्टर विदर्भातले, ते क्षणभर गोंधळले. मी खुलासा केला. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या एकाच मानेत दोन दुखणी आहेत. एक म्हणजे मज्जारज्जूवरचा दाब. तो दुखत नाही, पण हातपाय घेऊन जातो. दुसरं तुमचं मान दुखणं. ते दुखतं, पण काही घेऊन जात नाही. मी ऑपरेशन करणार ते पहिल्यासाठी. तुम्ही विचारताय ते दुसऱ्याचं."

"मग दुसऱ्याचं काय?"

"ते सांगणं अवघड आहे."

आक्का उठली. "जे दुखतंय त्याचं सांगता येत नाही आणि जे दुखत नाही त्यासाठी गळा चिरायचा!" असे जिन्यात म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने कराडला निघून गेली.

आता यात डॉक्टरांचा काही दोष नव्हता, हे मला पुढे समजले. त्या आठवड्यात मी आणि भाचा मिळून मानेविषयी इतके वाचले की कॉलेजात माझे सहकारी मला पाहून मान वळवू लागले. मी समजत होतो, फिल्ममध्ये बिघाड दिसला की दुखणे सापडले, आणि बिघाड काढला की दुखणे गेले. प्रकरण इतके सरळ नाही. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मानेची कसलीही तक्रार नसलेल्या ६३ माणसांचे एम.आर.आय. काढले. चाळिशीच्या आतल्या १४ टक्क्यांत आणि चाळिशीच्या पुढच्या २८ टक्क्यांत ठळक बिघाड निघाला. पुढे २०१५ साली जपान्यांनी १२११ बिनतक्रार माणसे तपासली, तर ८७.६ टक्क्यांच्या मानेतली एखादी तरी गादी फुगलेली! म्हणजे फिल्म पाहून मान दुखते की नाही हे सांगणे, हे चेहरा पाहून माणसाचे कर्ज सांगण्यासारखे आहे. कधीकधी जमते, पण त्यावर कोणी सावकारी करू नये.

मान दुखण्याचे मूळ गादीत असू शकते, मागच्या लहान सांध्यांत असू शकते, स्नायूंत असू शकते. आणि ते किती दुखावे हे झोप, काळजी आणि खचलेले मन हीही ठरवितात. मज्जातंतू दाबला जाऊन हातात कळ उतरत असेल, तर तो दाब काढल्यावर हाताची कळ जाईल, असे डॉक्टर बऱ्याच विश्वासाने सांगतात. अशा रुग्णांची मानही पुष्कळदा त्याबरोबर हलकी होते. परंतु नुसत्या मानेपुरते बोलायचे तर त्यांचा आवाज खाली येतो.

ऑपरेशन काही नवे नाही. गळ्याच्या पुढून आत शिरून, अन्ननलिका व श्वासनलिका बाजूला सारून गादी काढावयाची आणि दोन मणके सांधून टाकावयाचे, ही रीत बाल्टिमोरच्या रॉबिन्सन व स्मिथ यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. होनोलुलूच्या क्लॉवर्ड यांनी आपली पद्धत १९५८ साली मांडली. त्या काळी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मधे बसवीत. आता बहुधा तयार पिंजरा आणि टिटॅनियमची पट्टी बसवितात. पुढून जाण्यात एक सोय अशी की मानेमागचे स्नायू सोडवावे लागत नाहीत. मज्जारज्जूला मागून जागा करून देण्याची जी जपानी पद्धत १९७० च्या दशकात निघाली, तिच्यात हातपाय सुधारत, पण काही रुग्णांची मान व खांदे नंतर त्रास देत, असे १९९६ साली जपान्यांनीच नोंदवून ठेवले आहे. म्हणजे एकाच ऑपरेशनाने एक दुखणे जावे आणि दुसरे यावे, हेही घडते.

आणि ऑपरेशनच करावयाला हवे का? स्वीडनमध्ये १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मानेतून हातात उतरणारे जुनाट दुखणे असलेल्या ८१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला ऑपरेशन, एकाला व्यायामोपचार, एकाला नुसता गळपट्टा. तीन-चार महिन्यांनी ऑपरेशनवाले पुढे होते. आणखी वर्षभराने पाहिले, तर तिन्ही गटांत म्हणण्यासारखे अंतर उरले नव्हते! हे वाचून मी हर्षभराने भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, त्या लोकांच्या मज्जारज्जूवर दाब नव्हता. आईच्या आहे. तो प्रयोग आईला लागू नाही." माझा हर्ष जागच्या जागी विरला. दुसऱ्याची पत्रिका आपल्या माणसाला लावू नये, हे ज्योतिषीसुद्धा पाळतात.

भाचा संगणकवाला. त्याने सांगितले की, अशा हजारो रुग्णांच्या नोंदी ठेवून त्यांवरून कोणाची मान किती राहील याचे अनुमान काढण्याची गणिते तयार झाली आहेत. त्यांतून निघणाऱ्या खुणा पुष्कळशा व्यवहारातल्याच आहेत. दुखणे फार वर्षांचे असले, तंबाखू असली, मन उदास असले, आधीपासून अफूच्या जातीच्या जबर वेदनाशामक गोळ्यांची सवय असली, नुकसानभरपाईचा दावा चालू असला, तर मान कमी राहते. एक खूण मात्र मला चमत्कारिक वाटली. ज्याची मान ऑपरेशनपूर्वी अधिक दुखते, त्याचे दुखणे अधिक उतरते. पण शेवटी त्याच्याकडे शिल्लकही अधिक उरते. विचार केल्यावर पटले. ज्याचे दुखणे दहापैकी नऊ, त्याला उतरायला नऊ पायऱ्या. ज्याचे दोन, तो उतरून उतरून किती उतरणार? शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली गोष्ट काही न करताही थोडी खाली येतेच.

"मग गणित आईचं काय सांगतं?" मी विचारले.

"गणित आईचं काहीच सांगत नाही, मामा. आईसारख्या शंभर बायकांचं सांगतं. समजा, शंभरांतल्या सत्तर जणींची मान कमी होते. आई त्या सत्तरांत की तिसांत, हे गणिताला माहीत नाही."

आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आक्काला बरोबर आणणे शक्य नव्हते. ती फोनवर मानेचे नाव काढू देत नव्हती. डॉक्टरांनी या वेळी आम्हांला पुष्कळ वेळ दिला. शेवटी मी म्हटले, "मी तिला नेमकं काय सांगू?" तेव्हा ते थांबून थांबून जे बोलले, ते मी वहीत उतरून घेतले. ते असे : "मानेचं दुखणं बरंचसं कमी होण्याची शक्यता आहे. पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही. आणि समजा, ते अजिबात कमी झालं नाही, तरी हातापायांसाठी हे ऑपरेशन करायलाच हवं. उशीर केला तर पुढे मीही काही करू शकणार नाही."

वाचकहो, मी एफ. वाय.च्या मुलांना सारांशलेखन शिकवतो. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश लिहावे, पाल्हाळ गाळावा, परंतु आशयाला धक्का लागता कामा नये, असे फळ्यावर लिहितो आणि आशय गाळणाऱ्या मुलांचे गुण निर्दयपणे कापतो. त्या रात्री मी कराडला फोन केला आणि म्हणालो, "आक्का, डॉक्टर म्हणाले, मान दुखायची राहील."

चार वाक्यांचे एक वाक्य. 'शक्यता' गेली, 'बरंचसं' गेले, 'म्हणणार नाही' गेले, 'समजा' गेले. उरली ती आक्काला ऐकावयाची होती तेवढीच ओळ. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "नक्की म्हणाले?" मी म्हणालो, "नक्की."

मला सबबी सुचल्या नाहीत असे नाही. तिचे हात जात होते. एकेक महिना मोलाचा होता. खरे सांगितले असते तर ती आलीच नसती. हे सर्व खरे आहे. आणि मी खोटे बोललो हेही तितकेच खरे आहे.

आक्का आली. ऑपरेशनपूर्वी एका पोरसवद्या डॉक्टरने तिच्याकडून एक प्रश्नपत्रिका भरून घेतली. कॅनडातल्या व्हर्नन व मायर यांनी ती १९९१ साली तयार केली. प्रश्न दहा, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि आमच्या परीक्षांच्या उलट, जितके गुण जास्त तितका निकाल वाईट. वेदना किती, अंगावरची कामे जमतात का, ओझे उचलते का, वाचता येते का, डोके दुखते का, झोप लागते का, असे विचारतात. एक प्रश्न मोटार चालवण्याचा होता. दाजी म्हणाले, "मोटार नाही चालवत. मला चालवते." पोराने तो प्रश्न सोडून दिला. उरलेल्या नऊ प्रश्नांत आक्काला ४५ पैकी २४ गुण पडले. नुसत्या मानेचे दुखणे शून्य ते दहात किती, असे विचारले, तेव्हा ती 'सात' म्हणाली.

तंबाखूविषयी विचारल्यावर आक्काने ठामपणे 'छे' म्हटले. दाजींना एकाएकी ठसका लागला. मग मशेरीची डबी निघाली. निकोटीनने मणके सांधले जायला अडथळा येतो, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ऑपरेशन मार्गशीर्षापर्यंत पुढे ढकलून ती डबी बंद करविली. चाळीस वर्षांची मशेरी आक्काने सोडली. आणि सोडली ती 'मान राहील' या माझ्या शब्दावर.

ऑपरेशन उत्तम झाले. गळ्याच्या सुरकुतीत बेमालूम बसलेली दोन बोटांची आडवी खूण. चार दिवस गिळायला त्रास. सहाव्या दिवशी घरी. सहा आठवड्यांनी ती आपले हूक आपण लावू लागली. तीन महिन्यांनी सुईत दोरा ओवला आणि त्याचा फोटो काढून भाच्याने मला पाठविला. पायातली चप्पल पायात राहू लागली. चालणे धरून झाले. घरात सगळ्यांना आनंद, आणि मला तर दुप्पट. कारण माझे खोटे खपले होते.

गणपतीत मी कराडला गेलो. आरती झाली, जेवणे झाली. आक्का भिंतीला पाठ लावून बसली होती आणि उजव्या हाताने मानेचा मागचा भाग चोळत होती. मी न पाहिल्यासारखे केले.

"बापू," ती म्हणाली, "मान राहिली नाही रे."

"अजिबात?"

"कमी आहे. पण आहे."

नुकतीच ती पुण्याला दाखवून आली होती. पुन्हा तीच प्रश्नपत्रिका : ४५ पैकी १५. मान सातावरून चारावर. भाच्याने मला आधीच कळविले होते की हे फार चांगले यश आहे. रुग्णाला जाणवावा इतका फरक म्हणजे किती, याचेही हिशेब शास्त्रज्ञांनी मांडले आहेत. २०१० सालच्या एका हिशेबात मानेसाठी तो दहापैकी अडीच अंक ठरला. आक्काचे तीन उतरले. म्हणजे पुस्तकाप्रमाणे ती पास. मी ते सगळे तिला सांगू लागलो. अडीच, तीन, शंभरांतल्या बायका. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे मला आत्ता कशाला सांगतोयस? तेव्हा सांगायचं. तू 'राहील' म्हणालास. मी रोज उठून बघते, आज राहिली का. नऊ महिने बघतेय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. सगळ्यांची राहते आणि माझी राहत नाही."

यावर मला उत्तर नव्हते. सातातून चार उरले हा शास्त्राच्या दृष्टीने विजय; पण मी तिला शून्याचे वचन दिले होते, आणि शून्यावरून मोजले तर चार म्हणजे पराभवच. डॉक्टरांनी दिलेले यश मी एका शब्दाने अपयश करून ठेवले होते. मी आत जाऊन पिशवीतली वही आणली आणि डॉक्टरांची ती चार वाक्ये तिला जशीच्या तशी वाचून दाखविली.

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. दाजी उठून उगीचच समईची वात सारखी करू लागले.

"हे असं म्हणाले होते?"

"हो."

"मग असंच सांगायचं होतंस."

"तू आली नसतीस, आक्का."

"नसते आले कदाचित." ती म्हणाली. "कदाचित आले असते. 'उशीर झाला तर मीही काही करू शकणार नाही' हे ऐकून आले असते. ते तरी कुठं सांगितलंस? पण न येणं तरी माझं असतं. हात माझे, मान माझी, आणि हो म्हणालास तू."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यानंतर तिने मला सुपारी कातरून दिली. पण चार दिवस माझ्याशी ती कामापुरतेच बोलली. एकीकडे तिचे हात चालताना पाहून मला बरे वाटे आणि त्याच हातांनी वाढलेले ताट पुढे आले की मान वर करवत नसे. तिने सोडवलेला हा गुंता मला अजून सुटलेला नाही. सत्य सांगून तिचे हात गेले असते तर? पण ते सत्य मी सांगून पाहिलेच कोठे होते? मी माझ्या बहिणीचे अनुमान आधीच करून टाकले की तिला हे झेपणार नाही. आणि ते अनुमान डॉक्टरांच्या अनुमानापेक्षा किती तरी कच्चे होते. त्यांनी निदान टिचकी मारून पाहिली होती.

परवा नवरात्रात भाच्याने एक गोष्ट फोनवर सांगितली. आक्काच्या शेजारच्या वहिनींना मानेचे ऑपरेशन सांगितले आहे. त्या चौकशीला आल्या आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला : "तुमची मान राहिली का हो?" तेव्हा आक्का म्हणाली, "हात परत आले. मान सातातली चार उरली. तुझी किती उरेल ते डॉक्टरालाही ठाऊक नाही. पण ऑपरेशन हातासाठी सांगितलंय की मानेसाठी, ते आधी विचार. दोन्हींचं उत्तर वेगळं असतं. आणि ऐकायला स्वतः जा. घरातला मास्तर पाठवू नको." चार वाक्यांचा आशय तिने कोठेही सांडला नव्हता. मी तिला पूर्ण गुण दिले.

व्याकरणाच्या तासाला मी अलीकडे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगतो. आपल्या भाषेत 'होईल' आणि 'करीन' ही दोन्ही भविष्यकाळाचीच रूपे. पण त्यांचे वजन एक नाही. 'होईल' हे अनुमान असते. पाऊस पडेल, गाडी वेळेवर येईल, मान राहील. 'करीन' हे वचन असते. अनुमानाला वचनाचा आवाज दिला की पुढे कोणाला तरी रोज सकाळी उठून मान चाचपून पाहावी लागते.

हे लिहीत आहे तेव्हा दिवाळीला अजून अवकाश आहे. काल आक्काचा फोन आला होता. छापाची चाळणी तिने सुनेला देऊन टाकली आहे. "यंदा एकवीस ठिपक्यांची काढीन," ती म्हणाली. "मान दुखली तर मधे उठेन, पण काढीन."

आक्का रांगोळी काढील का? बहुधा. याहून अधिक मी सांगणार नाही. पण 'काढीन' म्हणाली आहे ती.